कॉनरला शिक्षा व्हायला हवी होती का? (कादंबरी: ‘अ मॉन्स्टर कॉल्स’)

टिपकागद

आमच्या वाचनगटाने यंदा कुमारांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या मोठ्यांनी वाचायच्या असे ठरवले आणि त्यात पॅट्रिक नेस यांची ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ (२०११) हाती आली. खाली कथेचा शेवट उघड केला आहे. ज्यांना पुस्तक आधी वाचायचे आहे त्यांनी इथूनच परत फिरावे.

तेरा वर्षांचा कॉनर इंग्लंडमधल्या एका गावात आईबरोबर राहतो. आईला कर्करोग आहे आणि एकामागून एक उपचार निष्फळ ठरत आहेत. वडील दुसरा संसार थाटून अमेरिकेत आहेत, आजीशी त्याचे पटत नाही. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी टेकडीवरचा, चर्चच्या दफनभूमीतला यू वृक्ष राक्षस होऊन त्याच्या खिडकीशी येतो आणि बजावतो, की तीन गोष्टी मी सांगेन, चौथी तू सांगायची आणि ती तुझी खरी गोष्ट असली पाहिजे. ती गोष्ट म्हणजे कॉनरला वारंवार पडणारे स्वप्न: आई कड्यावरून खाली चालली आहे, तिचे हात त्याने धरले आहेत, आणि अजून थोडा वेळ धरून ठेवणे शक्य असतानाही तो ते सोडून देतो. हे सारे एकदाचे संपावे असे त्याला फार आधीपासून वाटत होते, आणि तसे वाटले म्हणून आपण शिक्षेला पात्र आहोत अशी त्याची खात्री झालेली आहे.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. कादंबरीत कॉनर दोनदा खरोखर शिक्षा व्हावी असे वागतो. एकदा तो आजीच्या बैठकीच्या खोलीची पार वाताहत करतो. दुसऱ्यांदा शाळेत हॅरी नावाच्या मुलाला इतके मारतो की त्याला इस्पितळात न्यावे लागते. दोन्ही वेळा तो शिक्षेची वाट पाहत उभा राहतो, आणि दोन्ही वेळा मोठी माणसे म्हणतात, की शिक्षा करून आता काय साधणार? वडील तसे म्हणतात आणि मुख्याध्यापिकाही, नियमाने शाळेतून काढायला हवे हे सांगून झाल्यावर, तसेच म्हणतात. माझ्या मते मोठ्यांनी दयेपोटी त्याला अधिकच एकटे पाडले. आमच्या गटात यावरून सरळ दोन तट पडले. तुम्हाला काय वाटते?

उगाच_एक

कॉनर आमच्या शाळेत असता तर हा धागाच निघाला नसता. सरांनी आधी छडी दिली असती आणि कारण मागाहून, तेही सवडीने, विचारले असते.

खडूफळा

आठवीचे वर्ग मी बरीच वर्षे शिकवले आहेत, त्यामुळे मुख्याध्यापिकेचा तो प्रसंग वाचताना आमची शिक्षकांची खोली डोळ्यांसमोर आली. एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी मोठे आजारपण आहे असे कळले, की तिथे हळू आवाजात ठरते, ‘त्याला सध्या काही बोलू नका.’ मग त्याची वही तपासली जात नाही, उशीर झाला तरी दारात थांबवले जात नाही, फळ्यापाशी बोलावले जात नाही. हेतू चांगलाच असतो. पण वर्गातली बाकीची मुले हे टिपत असतात आणि आठवड्याभरात त्या मुलाच्या बाकाभोवती एक रिकामे वर्तुळ तयार होते. कॉनरच्या वर्गात नेमके हेच झाले आहे. त्याची मैत्रीण लिली आईच्या आजाराची बातमी वर्गात सांगून बसते आणि त्या दिवसापासून त्याच्याशी साधे, सरळ कोणी बोलेनासे होते.

तरीही टिपकागद यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. शाळेतून काढणे हा उपाय नव्हताच. पण शिक्षा आणि जबाबदारी यांत फरक आहे. मुख्याध्यापिकेला त्याला हॅरीसमोर नेता आले असते. इस्पितळात पोहोचलेल्या त्या मुलाचे पुढे काय झाले याची चौकशी कादंबरीतही फारशी होत नाही आणि आपल्या चर्चांतही होत नाही.

निंबोणी

मी बालमार्गदर्शनाचे काम करते. या कादंबरीतली मला सर्वांत अचूक वाटलेली गोष्ट राक्षस नसून हॅरीच आहे.

हॅरी आणि त्याचे दोन साथीदार कॉनरला रोज छळतात आणि कॉनर त्यांची तक्रार कधीच करत नाही. शिक्षक विचारतात तेव्हा नाकारतो. लिली त्याची बाजू घेऊन भांडते, तर तिला तोंडघशी पाडतो. वरवर हे भित्रेपण दिसते. प्रत्यक्षात त्याने आपल्या शिक्षेची सोय करून ठेवलेली आहे, कारण घरात ती कोणी देत नाही. हे ज्याच्या लक्षात येते तो एकटा हॅरीच. कॉनरला मार हवा आहे हे ओळखून तो हात आखडता घेतो आणि यापुढे मी तुला पाहणारच नाही असे सांगून निघून जातो. संपूर्ण पुस्तकातला सर्वांत क्रूर प्रसंग हा आहे, आणि त्यात कोणी कोणाला बोटही लावत नाही.

अपराधी वाटणारा माणूस वेदना मागून घेतो, याचे प्रयोगही झालेले आहेत. ब्रॉक बॅस्टियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये, म्हणजे योगायोगाने कादंबरीच्याच वर्षी, एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या हातून घडलेले एखादे गैरकृत्य ज्यांना लिहून काढायला सांगितले होते त्यांनी बर्फाच्या पाण्यात हात अधिक वेळ धरून ठेवला, आणि त्यानंतर त्यांची अपराधीपणाची भावना कमी झाल्याचे दिसले. म्हणजे शिक्षेने सुटल्यासारखे वाटते हे खरेच आहे. धोकाही तिथेच आहे, कारण जे केल्याने बरे वाटते ते माणूस पुन्हा करतो. म्हणून टिपकागद यांच्या निष्कर्षाशी माझा मतभेद आहे. शिक्षा झाली असती तर कॉनरने तिचा अर्थ ‘गुन्हा सिद्ध झाला’ असाच घेतला असता. आणि त्याच्या लेखी गुन्हा खोली मोडण्याचा नव्हताच, आईच्या मरणाची वाट पाहण्याचा होता. त्या गुन्ह्याबद्दल कोणीही त्याला शिक्षा द्यावी असे मला मुळीच वाटत नाही.

टिपकागद

निंबोणीताई, हॅरीबद्दलचे म्हणणे मनापासून पटले. पण मग मोठ्यांनी काय करायला हवे होते? शिक्षा नको आणि सूटही नको, तर उरले काय?

कोकणकडा

उरली आजी. तिच्याबद्दल अजून कोणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते.

तो प्रसंग पुन्हा वाचून पाहा. राक्षसाच्या दुसऱ्या गोष्टीत एका धर्मोपदेशकाचे घर उद्ध्वस्त केले जाते आणि कॉनर त्या विध्वंसात मनसोक्त सामील होतो. भानावर येतो तेव्हा आजीची खोली समोर असते: फाटलेला सोफा, फुटलेल्या वस्तू, आणि तिला जिवापाड प्रिय असलेल्या घड्याळाचे तुकडे. आजी येते, दारात उभी राहते. तिच्या तोंडून एक शब्दही फुटत नाही, नुसता एक आवाज निघतो. कॉनर मार बसणार म्हणून अंग चोरतो. आणि ती पुढे होऊन खोलीत उभे राहिलेले एकमेव कपाट स्वतःच्या हातांनी खाली ओढते. मग आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेते.

यात शिक्षा नाही आणि दयाही नाही. तिची मुलगी मरते आहे, याची मुलाला आणि वाचकालाही तिथे पहिल्यांदा खरी जाणीव होते. तोवर आपण तिला कॉनरच्या डोळ्यांनी पाहत असतो आणि ती आपल्याला टापटिपीची, शिष्ट, नकोशी बाई वाटत असते. वडिलांचे समजूतदार बोलणे ज्याला जमले नाही ते कपाटाने केले. पुढे गाडीतून इस्पितळाकडे जाताना तीच त्याला सांगते, की आपले दोघांचे स्वभाव जुळत नाहीत, पण तुझी आई आपल्या दोघांची आहे. कॉनरच्या दुःखात वाटेकरी होण्याची हिंमत केलेली ही एकटीच मोठी व्यक्ती आहे.

उगाच_एक

माझ्या आजीने कपाट पाडले नसते. आधी मला पाडले असते आणि मग कपाट माझ्याकडून पुसून घेतले असते. बाकी प्रतिसाद आवडला.

अर्धविराम

सगळे भारावून गेले आहेत, तेव्हा थोडे विरोधी सूर लावतो. मला ही कादंबरी कुशलतेने रचलेली पण सोयीची वाटली. कॉनरचा अपराध हा निव्वळ एक विचार आहे, आणि विचाराला क्षमा करणे सोपे असते. चारशे पानांइतके ओझे उभे करायचे आणि राक्षसाने शेवटी येऊन सांगायचे, की मनात परस्परविरोधी गोष्टी शंभरदा येतात, महत्त्वाचे काय ते तुझे वागणे. एवढ्यावर मुलगा मोकळा होतो.

ज्याने प्रत्यक्ष काही केले आहे त्याचे काय? जॉन नोल्स यांची १९५९ सालची ‘अ सेपरेट पीस’ याच वयोगटाच्या मुलांच्या हाती दिली जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली अमेरिकेतली निवासी शाळा, जीन आणि फिनीअस हे जिवलग मित्र, आणि जीनच्या पायाच्या एका हिसक्याने हलणारी झाडाची फांदी. फिनीअस पडतो, पाय मोडतो, त्याचे खेळणे कायमचे संपते. मग जीन त्याचे कपडे अंगावर चढवतो, त्याच्या जागी खेळाडू होऊ पाहतो, आपले स्वतःचे असे काही शिल्लक ठेवत नाही. तो आपल्याच डोळ्यांनी आपला खटला चालवतो आणि सोडवायला कोणी राक्षस येत नाही. अपराधीपणाचे चित्रण म्हणून ते मला अधिक खरे वाटते.

टिपकागद

नोल्सची तुलना मार्मिक आहे, पण आपण पहिली गोष्ट विसरत आहात. त्या गोष्टीतला राजपुत्र प्रत्यक्ष खून करतो. शेतकऱ्याच्या निर्दोष मुलीला, त्याच्या प्रेयसीला, तो झोपेत मारतो, आळ सावत्र आजी असलेल्या राणीवर घालतो, लोकांना चिथवून राज्य मिळवतो आणि पुढे प्रजेचा लाडका राजा होऊन सुखाने म्हातारा होतो. राक्षस ही गोष्ट कोणतेही तात्पर्य न देता सांगतो आणि कॉनर चिडतो, कारण त्याला गुन्ह्याला शिक्षा झालेली हवी असते. त्याचा स्वतःविरुद्धचा निवाडा तिथेच दिसतो, फक्त त्याला तो कळत नाही.

शिवाय चारशे पाने? माझ्या प्रतीत चित्रे धरूनही तितकी नाहीत!

अर्धविराम

ओझे चारशे पानांचे म्हटले होते, पाने नव्हेत. राजपुत्राचा मुद्दा मात्र विचार करण्याजोगा आहे.

थेम्सकाठी

इंग्लंडमधून लिहितो आहे. इथल्या अनेक शाळांत ही कादंबरी अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना वर्गात शिकवली जाते, त्यामुळे घरोघरी तिच्या प्रती दिसतात. २०१२ साली लेखनासाठीचे कार्नेगी पदक नेस यांना आणि चित्रांसाठीचे ग्रीनअवे पदक जिम के यांना, असे दोन्ही मान याच एका पुस्तकाला मिळाले. तसे त्याआधी कधी झाले नव्हते.

थोडे अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. यू हे झाड इथल्या जुन्या चर्चच्या आवारांत हमखास असते. काळपट हिरवे, दाट, खोड पिळवटलेले, आणि शरदात त्याला लहान लाल फळे धरतात. फळाचा लाल गर सोडला तर जवळपास सगळे झाड विषारी आहे. त्याच कुळातल्या, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल हे कर्करोगावरचे औषध निघाले. कादंबरीत आईला शेवटचा उपाय म्हणून यूपासून केलेले औषध दिले जाते आणि कॉनरची समजूत होते की राक्षस तिला बरे करायलाच आला आहे. ते औषधही लागू पडत नाही तेव्हा तो टेकडीवर धावत जाऊन झाडाला लाथा मारतो. हे कळल्यावर त्या रागाला वेगळीच धार येते.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. टॅक्सॉलची रासायनिक रचना मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेत ते औषध १९९२ मध्ये मान्य झाले. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले.

कोकणकडा

नंदुरबारची माहिती खरोखर नवी आहे. धन्यवाद.

सायंतारा

आपल्याकडे आईच्या आजारपणाचे आणि मुलाच्या पश्चात्तापाचे पुस्तक म्हटले की ‘श्यामची आई’...

उगाच_एक

वाटच पाहत होतो. इतके प्रतिसाद होईपर्यंत श्याम आला नाही म्हणजे सदस्यांची प्रकृती ठीक नसावी.

सायंतारा

हसा खुशाल, पण मला साम्य सांगायचे नसून भेद सांगायचा आहे. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातही गोष्टी रात्रीच सांगितल्या जातात, पण सांगणारा श्याम आता मोठा झालेला आहे, ऐकायला आश्रमातले मित्र आहेत, आणि आईशी आपण कुठे कसे वागलो हे तो मोकळेपणाने बोलून दाखवतो. त्याची आई त्याला वेळच्या वेळी रागावलेली आहे, प्रसंगी मारलेलेही आहे, आणि लगेच जवळही घेतले आहे. त्यामुळे हिशेब तिथल्या तिथे मिटत जातो. कॉनरची आई इतकी थकली आहे की तो स्वतःच न्याहारी करून, कपडे धुवून, कचरा बाहेर ठेवून शाळेत जातो. रागावणारे माणूसच घरात उरलेले नाही. राक्षसाच्या पहिल्या भेटीनंतर खोलीभर पडलेली यूची पाने तो गुपचूप झाडून कचऱ्याच्या पिशवीत भरतो, तेव्हा मला भीतीपेक्षा त्या मुलाच्या शहाणपणाचेच अधिक वाईट वाटले.

पेन्सिलीचा_तुकडा

मी इथे सहसा फक्त वाचतो, पण सायंताराताईंचा प्रतिसाद वाचून लिहावेसे वाटले. मी दहावीत असताना बाबा आजारी होते. सराव परीक्षेत मी गणितात नापास झालो आणि मला कोणीही काहीही बोलले नाही. काकांनी उलट पाठीवरून हात फिरवला. त्या हाताने मला जितके घाबरवले तितके डॉक्टरांनी घाबरवले नव्हते, कारण आता घरात नापास होण्यालाही किंमत उरलेली नाही इतके काहीतरी भयंकर होणार आहे, असा मी त्याचा अर्थ लावला.

आत्या आली आणि तिने इस्पितळाच्या बाहेरच्या बाकावर मला रोज एक प्रश्नपत्रिका सोडवायला बसवले. आकृती पेनाने काढली म्हणून ती चारचौघांत रागावली. पेन्सिल आणि खोडरबर तिने पर्समधूनच काढून दिले. तिचे ते रागावणे मला फार आवडले होते, हे तिला मी अजून सांगितलेले नाही.

त्यामुळे माझे मत टिपकागद यांच्या बाजूने आहे, पण त्याला मी शिक्षा म्हणणार नाही.

निंबोणी

पेन्सिलीचा_तुकडा, इथे लिहिल्याबद्दल आभार. रागावणे म्हणजे ‘तुझ्याकडून आमच्या अजून अपेक्षा आहेत’ हे सांगणे, आणि शिक्षेत तेवढेच उपयोगाचे असते. माझ्या कामात मी पालकांना सांगते, की आजारपणाच्या काळात नियम थोडे सैल करा, पण रद्द करू नका. झोपायची वेळ, अभ्यासाची जागा, उलट बोलल्यावर माफी मागणे हे चालू राहू द्या. आणि आजाराबद्दल खरे सांगा. कॉनरला कोणी स्पष्ट सांगत नाही. आई प्रत्येक नव्या औषधाबद्दल आशेने बोलते. शेवटी तीच म्हणते, की तुला मनातून ठाऊकच होते ना? मुलाला सत्य ठाऊक आहे आणि बोलायची मुभा नाही, या फटीत अपराधीपणा वाढतो.

ज्या पालकांना आपले मूल स्वतःला इजा करून घेईल अशी शंका वाटते त्यांनी पुस्तकावर विसंबू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.

थेम्सकाठी

आईच्या त्या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे. ती कॉनरला सांगते, की तुला इतका राग आला की माझ्याशी बोलवेनासे झाले तरी चालेल, आणि वस्तू फोडाव्याशा वाटल्या तर खुशाल फोड, चांगल्या दणक्यात फोड. म्हणजे आजीच्या खोलीची क्षमा त्याला मिळालेली आहे, आणि ती जिच्याकडून हवी होती तिच्याकडूनच मिळालेली आहे.

या कादंबरीची मूळ कल्पना शिव्हॉन डाउड या लेखिकेची. त्यांना स्वतःला स्तनाचा कर्करोग होता आणि २००७ मध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी त्या गेल्या. पात्रे, कथेचा गाभा आणि सुरुवात एवढे त्या मागे ठेवून गेल्या आणि त्यावरून नेस यांनी पुस्तक लिहिले. हे ठाऊक असल्यामुळे असेल, पण आईचे ते बोलणे मला कथेच्या सोयीसाठी घातलेले वाटत नाही.

अर्धविराम

हे मात्र मान्य. राक्षसापेक्षा आईची क्षमा मला अधिक पटते. राक्षस शेवटी कॉनरच्याच मनातला असेल तर ती स्वतःच स्वतःला दिलेली क्षमा ठरते.

गवाक्ष

सर्व चर्चा वाचली. माझी भाची अकरा वर्षांची आहे आणि तिच्या आजोबांचे आजारपण घरातच चालू आहे. तिला हे पुस्तक द्यावे का?

कोकणकडा

वयाच्या दृष्टीने अडचण नाही. पण आजारपण संपेपर्यंत थांबावे असे माझे मत.

सायंतारा

माझे नेमके उलटे मत आहे. नंतर दिले तर ते सांत्वन होईल, आता दिले तर तिला बोलता येईल. मात्र तिच्या आईने आधी स्वतः वाचावे, आणि नुसते उशाशी ठेवून देऊ नये.

खडूफळा

गवाक्ष, सायंताराताईंशी सहमत. आणि जाता जाता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण टिपकागद यांनी विचारलेल्या ‘उरले काय’ याचे उत्तर शिक्षक म्हणून मला द्यायचे आहे.

मी त्या मुख्याध्यापिकेच्या जागी असतो तर कॉनरला काढले नसते. पण दुसऱ्या दिवशी त्याला कार्यालयात बोलावून हॅरीच्या पालकांसमोर बसवले असते. हॅरी परत आल्यावर दोघांचे बोलणे माझ्यासमोर करून घेतले असते आणि त्या बोलण्यात हॅरीने केलेला छळही पटलावर आला असता; त्याची दखल शाळेने वेळीच घेतली नव्हती याचा जाब मलाही द्यावा लागला असता. इंग्रजीच्या शिक्षिकेने स्वतःच्या आयुष्यावर लिहायला सांगितलेला तो निबंध, जो कॉनर टाळत राहतो, मी माफ केला नसता. मुदत वाढवून दिली असती आणि लिहून घेतला असता. मुख्याध्यापिकेचा दयाळूपणा खरा आहे याबद्दल मला शंका नाही, पण तिने त्याला खोलीबाहेर पाठवल्यावर तिचे काम संपले आणि त्याचे सुरू झाले.

निंबोणी

निबंधाच्या मुद्द्यावर थोडा मतभेद आहे, कारण तो वर्गात वाचून दाखवावा लागणार असेल तर मी विरोध करीन. बाकी सर्व मान्य.

खडूफळा

वाचून दाखवायचा नाही. फक्त बाईंनी वाचायचा.

टिपकागद

मग आमच्या गटातल्या दुसऱ्या तटाला हे दोन प्रतिसाद दाखवते. पुढच्या महिन्यासाठी अर्धविराम यांनी सुचवलेली नोल्सची कादंबरी घेतली आहे. तिच्यावर वेगळा धागा त्यांनीच काढावा, कारण भांडण त्यांनीच सुरू केले आहे.

अर्धविराम

काढतो. चारशे पानांचा.